मागच्या खोलीतलं वायफाय

आईनं जेवण सोडलं ते एका फोनवरून. मोरीत पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशननंतर महाडच्या आमच्या घरात ती मागच्या खोलीत पडून असायची. धाकटा भाऊ सिंगापूरला जहाजांच्या कारखान्यात वेल्डर. सुट्टी मिळत नव्हती म्हणून दर रविवारी फोन करायचा. एकदा त्याचा घसा बसला होता. दोन वाक्यं ऐकून आईनं रिसीव्हर माझ्याकडे दिला.

"ह्यो माझा नाय."

तिच्या माहेरी, वरंधला, एक मुलगा परदेशात वारला होता आणि त्याच्या आईला ते बरेच दिवस कुणी सांगितलं नव्हतं. तेच आईच्या डोक्यात बसलं. "तो हाय का नाय, खरं सांग गो," एवढंच विचारायची. मी शपथा घेतल्या. भावानं फोनवर लहानपणच्या गोष्टी सांगितल्या, तर म्हणाली, "तूच पढवलंस त्याला." पेजेची वाटी भरलेली परत यायची. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर ऑपरेशनचा उपयोग नाही. मी शाळेत शिकवायचे. वर्गात फळ्याकडे तोंड करून डोळे पुसायचे.

तिला तो दिसायला हवा होता. पण इंटरनेट पुढच्या खोलीत, वायरीनं कॉम्प्युटरला जोडलेलं, आणि आईला हलवायचं नव्हतं. शाळेतल्या एका बाईंनी कॅमेऱ्याचा लॅपटॉप दिला. आतपर्यंत पोचेल एवढी लांब वायर बाजारात मिळेना. दुकानदारानं वायरलेस राऊटर दिला. "मोडेमला जोडा मॅडम, झालं."

झालं नाही. राऊटर जोडला आणि होतं तेही नेट गेलं. दुकानदाराला फोन केला. "मोडेम आणि राऊटर, दोघांचा आतला आयपी पत्ता एकच असेल, म्हणून भांडतायत. राऊटरचा बदला." बदलला. नेट आलं. पुढे पासवर्डचं पान आलं, ते तसंच सोडलं; तेवढा धीर कुणाला होता?

रविवारी भाऊ पडद्यावर दिसला. आई म्हणाली, "हात दाखव." त्यानं तळव्यावरचा लहानपणचा भाजल्याचा डाग दाखवला. त्या दुपारी तिनं पेज घेतली.

पुढच्या रविवारी बोलता बोलता त्याचं चित्र गोठलं. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले. मग पडदा काळा. आई भिंतीकडे वळली. "गेला ना?"

राऊटरच्या पानावर पाहिलं, तर कितीतरी अनोळखी लॅपटॉप जोडलेले. मागच्या चाळीत कारखान्यातली मुलं भाड्यानं राहायची. मी धावत गेले. सगळे सिनेमे उतरवत बसले होते.

"उघडंच होतं मॅडम. आमाला वाटलं, चालतंय."

रागावायलाही वेळ नव्हता. भावाला म्हटलं, थोड्या वेळानं पुन्हा लाव. पासवर्ड घातला. आत शिरलेला कुणीही सेटिंग बदलू शकेल, म्हणून राऊटरचा स्वतःचा पासवर्डही बदलला. सेव्ह दाबलं आणि लॅपटॉपचं नेट तुटलं. पुन्हा जोडलंच जाईना. मी काय टाइप केलं होतं तेच मला आठवेना. आतून आई ओरडत होती, "त्याला आणायला कोन गेलंय? सांगा ना!"

मी फरशीवर बसले. वाटलं, हा डबा आपटावा आणि सगळं संपवावं. मग सेफ्टी पिन काढली, राऊटरच्या मागच्या 'रिसेट'च्या बारीक भोकात दाबून धरली. सगळं पुसलं गेलं. या वेळी लॅपटॉप वायरीनंच राऊटरला जोडला. आधी पत्ता, मग नेटवर्कचं नाव, मग दुकानदारानं फोनवर सांगितलेला सुरक्षेचा सगळ्यात मजबूत पर्याय आणि लांबलचक पासवर्ड, एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत. शेवटी वायर काढली आणि लॅपटॉप छातीशी धरून आत गेले. जोडणी टिकली.

भाऊ पडद्यावर आला. आईनं भिंतीकडून तोंड वळवलं.

"मगाशी कुठं गेलतास?"

"लाइन गेली होती, आई."

"न सांगता जाऊ नको रे."

तो प्रत्यक्ष आला शिमग्याला. तोवर आई वॉकर धरून उभी राहायला लागली होती. पण मधल्या साऱ्या रविवारी, चित्र यायला जरा उशीर झाला की ती माझ्या तोंडाकडे बघायची, आणि मी राऊटरच्या दिव्याकडे.