कुठला पाइप, आत्या?

माझ्या आत्याचं शेवटचं वाक्य एका पाइपबद्दल होतं.

"पाइप... पाइप मोकळा कर," एवढंच म्हणाली. सिस्टरने ऑक्सिजनची नळी तपासली. मी तपासली. बाबांनीही चष्मा लावून तपासली.

"मोकळाच आहे काकू, बघा," सिस्टर म्हणाली. आत्याने वैतागून मान हलवली आणि डोळे मिटले.

तिला जाऊन आज वर्ष झालं. ती कुठल्या पाइपबद्दल बोलत होती, ते मला गेल्या आठवड्यात कळलं.



जे तिला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. शैलाआत्या, बाबांची मोठी बहीण. ठाण्यात कोपरीला एकटी राहायची, कल्याणच्या एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवायची. तोंडाने महाफटकळ. रिक्षावाले तिला बघून आपणहून मीटर टाकायचे.

लहानपणी आमच्या गणपतीचं विसर्जन तळ्यात व्हायचं. मूर्ती बुडाली की तिथून बुडबुडे यायचे आणि काका ओरडायचे (अजून ओरडतात), "बाप्पा बोलला रे! पुढच्या वर्षी येतो म्हणाला!" आम्ही पोरं भक्तिभावाने हात जोडायचो.

एका वर्षी आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "बाप्पा कसला? जंतू आहेत ते. तू चिखलात पाय रोवलास, खालचा मिथेन सुटला."

काका घरी येईपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत. प्रसादही दुसऱ्याच्या हाताने दिला.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन परत तळ्यावर. उलटं नरसाळं, त्याच्यावर बाटली. मी काठीने चिखल ढवळायचा, तिने बुडबुडे पकडायचे. मग तिने काडी ओढली.

उन्हात जाळ दिसलाच नाही. भप्प झालं आणि तिच्या हातावरचे केस जळल्याचा वास आला.

मी भोकाड पसरलं. ती हसत होती. "घाबरतेस काय अगं? एवढासा तर आहे!"

लग्नानंतर मी डोंबिवली वेस्टला आले, खाडीजवळच्या टॉवरमध्ये. मागे तिवरांचा, म्हणजे खारफुटीचा, एक तुकडा अजून उरलाय. तो आणि खाडी यांच्यामध्ये सोसायटीचा रस्ता, आणि रस्त्याखाली एक सिमेंटचा पाइप. भरतीला त्यातून खारं पाणी आत येतं, ओहोटीला परत जातं.

पाहुणे आमच्या बाल्कनीतून खाडीचे फोटो काढतात. आत्याने पहिल्यांदा आल्या आल्या पाइप बघितला.

"हा बुजला की संपलं," म्हणाली.

"काय संपलं?"

"हे बघ. तिवरं हवेतला कार्बन ओढतात. पानं गळतात, मुळं कुजतात, तो सगळा चिखलात जाऊन बसतो. खारं पाणी येत असतं तोवर तिथे वेगळे जंतू पंगतीला आधी बसतात, मिथेनवाल्यांना फारसं काही उरत नाही. खारं पाणी थांबलं, नाल्याचं पाणी साचलं, की हे मिथेनवाले हातपाय पसरून जेवायला बसणार. झाडं गुदमरणार ती वेगळीच."

मी चहा ओतत होते. तिच्या लेक्चरची सवय होती मला.

"आणि उकाडा वाढला की ते जास्त जेवतात," ती म्हणाली. "जास्त जेवले की जास्त सोडतात. मिथेन उष्णता जाम धरून ठेवतो. म्हणजे परत उकाडा."

"मग हे थांबतं कुठे?"

आत्याने बाल्कनीच्या कठड्यावरून खाली पाइपाकडे बघितलं.

या बाईकडे आयुष्यभर प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं, नसेल तर उलट दरडावणी तरी होती. त्या दिवशी मात्र "मला भीती वाटते गं," म्हणाली. मी तिच्या तोंडून हे वाक्य त्याआधी कधीच ऐकलं नव्हतं.

त्यानंतर दर भेटीत ती गमबूट घालून खाली जायची आणि माणूस बोलावून पाइप साफ करून घ्यायची. आमचे सेक्रेटरी तिला बघून लिफ्टमध्ये घुसायचे.

मग तिचीच फुफ्फुसं बिघडली.

गेल्या आठवड्यात मी लेकीला घेऊन मागच्या रस्त्यावर सायकल शिकवत होते. इरा एकदम थांबली.

"आई, इथे पण बाप्पा बोलतोय!"

तिवरांमध्ये काळं पाणी तुंबलेलं. बुडबुडे येत होते. एकीकडे थांबले की दुसरीकडे. कोणी पाय रोवला नव्हता, कोणी काठीने ढवळत नव्हतं. नाल्याचा वास, आणि पानं पिवळी पडलेली.

मी वाकून पाइपात बघितलं. प्लास्टिकच्या पिशव्या गच्च बसल्या होत्या. प्रत्येकीत निर्माल्य, वरून गाठ मारलेली.

मला हॉस्पिटलमधली आत्या आठवली. पाइप मोकळा कर.

इरा हात जोडून उभी होती. मी तिला मागे ओढलं, एवढंच.

सेक्रेटरींना फोन केला तर म्हणाले, "मॅडम, ते डबकं आपण भरूनच टाकतोय ना आता. पार्किंग होईल. झाडं तशीपण मेलीयेत."

मेलेली नाहीत. अजून नाहीत. मी रोज बाल्कनीतून बघते, शेंड्याला हिरवं आहे.

आज संध्याकाळी सोसायटीची मीटिंग आहे, विषय हाच. मी चार माणसांत कधी बोललेली नाही. तरी बोलणार आहे. आणि खरं सांगू, भीती मीटिंगची नाहीच. आज मी जिंकले तर एक पाइप मोकळा होईल. असे किती रस्ते, किती पाइप, कोण वाकून बघतंय? इरा माझ्या वयाची होईल तेव्हा उकाडा केवढा असेल?

आत्या, तुझ्या फोटोला हार घातलेला नाही. तो हारही उद्या कोणीतरी पिशवीत भरून, गाठ मारून तिथेच टाकेल.

आधी पाइप मोकळा करते गं.

रडायचं ते मग.