साठाव्या मैलाचे आबा

आबा पाटकरी दगडाला पाणी पाजायचे. बांधात रोवलेला, म्हशींनी अंग घासून गुळगुळीत केलेला एखादा जुना दगड दिसला, की ते कालव्यात उतरून लोटा भरून आणत आणि वरून हळूहळू धार सोडत. कोरडा असताना काहीच न दाखवणारा तो दगड भिजला की काळा होई, आणि त्यातून ढाल, तलवार, गायींची रांग, हात जोडून बसलेला माणूस वर येई. कधीकाळी गावच्या गायी सोडवताना पडलेल्या कुणाचा तरी तो वीरगळ असे. "दगडाला तहान लागलेली असती, बाई," आबा म्हणायचे. "पाजल्याबिगर त्यो बोलायचा न्हाय."

हे सगळं मला कितीतरी वर्षं ऐकूनच माहीत होतं. ऐकवणारे माझे यजमान. ते बारामतीच्या हायस्कुलात इतिहास शिकवत, मी मुलींच्या शाळेत. दर रविवारी पहाटे ते सायकल काढत आणि नीरेच्या डाव्या कालव्याच्या भरावावरून बारा-पंधरा मैल खाली, भवानीनगरच्याही पुढे जात. तिथे साठाव्या मैलाच्या दगडाशी आबांची सरकारी खोली होती. पाळीप्रमाणे शेतांना पाणी सोडायचं आणि चोरून फोडलेल्या चाऱ्या बुजवायच्या, हे पाटकरी म्हणून आबांचं काम. ते करताना चाळीस वर्षांत त्यांनी कालव्याकाठची प्रत्येक बारव, पडकं देऊळ आणि दगड पायांनी पाठ केला होता. संध्याकाळी यजमान परत येत ते धुळीने माखून आणि इतके आनंदात, की मला त्यांच्याकडे बघवत नसे.

तिथे त्यांनी घाईत काढलेली टिपणं मी पक्की करून द्यायची. ग्रंथालयातून पुस्तकं आणून संदर्भ शोधायची आणि जाड वहीत स्वच्छ अक्षरात सगळं उतरवायची. दर पानावर 'आबा म्हणाले' असे. आबा म्हणाले, हा घोडेस्वार डावखुरा आहे. आबा म्हणाले, या बारवेची सातवी पायरी नवी आहे. माझ्याच अक्षरात, माझ्याच दौतीतल्या शाईने त्या वहीत आबा वाढत होते. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं. आणि असायचं काही कारणही नव्हतं, हेच जास्त लागायचं.

आबांना सायकल येत नसे. "दोन चाकावर बसलं की जमीन कळत न्हाय," असं त्यांचं म्हणणं. म्हणून तिथे पोचल्यावर यजमानही सायकल हातात धरून त्यांच्या बरोबरीने दिवसभर चालत. हे मला कळलं तेव्हा मी दोन दिवस धड बोलले नाही. बाजारात जाताना माझे यजमान माझ्या दहा पावलं पुढे असत. त्या काळी सगळ्यांचेच असत.

बाजारच्या दिवशी आबा बारामतीला येत. घरात येत नसत. ओट्यावर बसून चहा पीत. पत्ता ते नेहमी कालव्याचा सांगत. भाचीचं लग्न 'अठ्ठावन्नाव्या मैलाला' झालं, पायात काटा मोडला तो 'एकसष्टाला'. एकदा मी म्हटलं, "आबा, आमचं घर कितव्या मैलाला?"

ते जरा विचार करून म्हणाले, "तुमचं घर कालव्यापास्नं लांब हाय, बाई. हितं मी पाव्हणा."

एकदाच मी यजमानांना म्हणाले, मलाही न्या. "ऊन फार असतं," ते म्हणाले. आबा ओट्यावरच होते. "आणा की मास्तर बाईस्नी," ते हसून म्हणाले. "त्येंचं वाचान लय. आपलं दोघांचं नुसतंच पाय लय." यजमान हसले आणि विषय तिथेच संपला. आबांनी माझी बाजू घेतली, याचाही मला रागच आला. माझ्या नवऱ्याकडे माझ्यासाठी शब्द टाकायला परका माणूस लागावा?

दगडावर शेंदूर असला तर आबा तो कधी खरवडू देत नसत. यजमानांना एकदा फार मोह झाला होता. खिशातला चाकू बाहेरही आला होता. आबांनी त्यांचा हात धरला. "मास्तर, ह्यो कुणाचा तरी देव हाय. आपण बघाय आलोय." मग त्यांनी डोळे मिटून शेंदरावरूनच बोटं फिरवली आणि आत काय काय आहे ते सांगितलं. ही हकिकत सांगताना यजमानांचा आवाज जसा झाला होता, तसा तो माझ्याविषयी बोलताना झालेला मी कधी ऐकला नाही.

यजमान तीन दिवसांच्या तापात गेले. तेराव्याला आबा आले. दिवसभर ओट्यावर बसून राहिले आणि शेवटच्या गाडीने परतले. नंतर मी टिपणं उघडली. शेवटच्या कागदावर एकच ओळ होती : 'पुढच्या रविवारी. आबांचा नवा दगड, साठाव्या मैलाच्या खाली.'

तो दगड यजमानांनी पाहिला नव्हता. माझ्या मनाने तेवढंच धरलं. पुढच्या बाजाराला आबा आले तेव्हा मी म्हटलं, "मला तो दाखवा."

"दावू की," ते म्हणाले. "आत्ता पाळी चालू हाय. भराव समदा वला हाय."

पुढच्या खेपेला साहेबांची तपासणी होती. त्याच्या पुढच्या खेपेला उसात साप निघाला होता. असे चार महिने गेले. शेवटी माझा तोल सुटला. "आबा, तुम्हाला तो दगड तुमच्यापुरता ठेवायचाय. मास्तर सगळे तुमच्याच वाट्याला आले, आता एक दगडसुद्धा मला द्यायचा नाही?"

आबांनी बशी खाली ठेवली. "येत्या ऐतवारी या," ते म्हणाले. "भवानीनगरला उतरा. म्या थांबतो."

आम्ही भरावावरून चाललो. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस. आबा मधूनच काठीने खूण करत. "हितं मास्तर भाकरी खायाचं." "हितं त्येंचं चाक बसलं हुतं, पार चिडलं हुतं." मी मान हलवत होते. त्या वाटेवरचा हातभर तुकडासुद्धा माझा नव्हता.

बाभळीखाली, उसाच्या कडेला तो दगड कंबरेइतका उभा होता. आबांनी लोटा भरून आणला, पण स्वतः ओतला नाही. तो माझ्या हातात दिला, चार पावलं मागे गेले आणि पाठ करून कालव्याकडे तोंड करून उभे राहिले.

मी धार सोडली. वर चंद्र-सूर्य दिसले. मग दगडातून कोपरात वाकलेला एक हात वर आला. बाईचा हात. तळवा उघडा, आणि मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या. सतीचा दगड होता तो.

लोटा धरलेलं माझं मनगट त्या हाताच्या शेजारीच होतं. चार महिने रिकामं.

"मास्तर असतं तर काय न्हवतं," आबा पाठमोरेच म्हणाले. "तुमास्नी कुठल्या त्वांडानं दावू, बाई?"

"मग सांगायचं तरी."

"सांगायचं कसं?"

मी आयुष्यात पुष्कळांचा हेवा केला, आबांचा तर सगळ्यात जास्त. त्या दगडातल्या बाईचा मात्र मला हेवा वाटला नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण तेव्हा भेटायला येणाऱ्या काही बायका, ही मागे कशी उरली, अशा नजरेने माझ्याकडे बघत. मी दुसरा लोटा स्वतः भरून आणला आणि तो हात नीट धुतला.

"बांगड्या किती हाईत?" आबांनी विचारलं. "मास्तरांनी मोजाव्या म्हणून म्या मोजल्या न्हाईत. नंतर मोजू वाटंना."

मी एकेक बांगडीवर बोट ठेवून मोजल्या. आकडा सांगितला नाही. आबांनी पुन्हा विचारलं नाही. पुढे कितीतरी रविवार आम्ही त्या भरावावरून चाललो, तेव्हाही नाही. यजमानांची ती शेवटची ओळ वहीत उतरवून तिच्याखाली मी फक्त 'पाहिला' असं लिहिलं.

नोकरी संपल्यावर आबा पणदऱ्याला मुलाकडे राहायला गेले. गेल्या महिन्यात ते वारल्याचं पत्र आलं. दोघं आता कुठेतरी भेटले असतील, आणि सायकल हातात धरून चालणं पुन्हा सुरू झालं असेल, असं मनात येतं तेव्हा या वयातही मला बरं वाटत नाही. मग मी त्या दगडाचा विचार करते. त्यातल्या बांगड्या किती, हे बोलणं निघालं, की दोघांनाही अंदाजानेच बोलावं लागत असेल.