फुग्यावर घातलेला मांडव

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बाई, कारण हे सांगताना माझं मलाच तोंड लपवावंसं वाटतं. भांडणात अख्खी गल्ली गप करणारी बाई मी! पण त्या दिवशी माझ्याच गच्चीवर माझी अशी शोभा झाली की अजून जिना चढताना मान वर होत नाही.

माझी सून शिवलीला, अक्कलकोटकडची. मला 'अत्ते' म्हणते. त्यांच्या कन्नडात सासूला तेच म्हणतात. लग्न झालं तेव्हा तिचं इंजिनिअरिंग अर्धंच झालं होतं. भावकीतल्या बायका म्हणाल्या, "आता कशाला शिकवती? कडक भाकरीचा धंदा हाय तुजा, बसव की चुलीपुढं!" मी चौथी शिकलेली, पण ठणकावून सांगितलं, "चुलीपुढं मी हाय. ती कॉलेजात जाणार. कुणाचं पोट दुखत असंल तर ओवा खावा!"

आणि शेवटच्या वर्षाला हिनं प्रोजेक्ट काय घ्यावा? फुग्यातून वीज!

"अगं, फुगा जत्रंत असतोय," मी म्हटलं.

"हा मोठा असतो अत्ते. वरून सोलरच्या पातळ पट्ट्या चिकटवायच्या, आत गॅस भरायचा, दोरीला बांधून वर सोडायचा. दोरीबरोबर वायर खाली येते."

"मग गच्चीवरच ठेव की ते सोलर. हवेत कशाला?"

"चारी बाजूंनी बिल्डिंगा झाल्यात की आपल्या. सकाळ-संध्याकाळ सावली पडते. फुगा सावलीच्या वर जातो."

सावलीच्या वर! बघा, नीट समजावून सांगितलं होतं तिनं. मला समजलंही होतं. तेच तर मनाला जास्त लागतं.

परीक्षा घ्यायला बाहेरचे सर येणार होते, ते आमच्या गच्चीवरच. कॉलेजच्या मैदानात वारा फार, फुगा थारा धरत नव्हता. वर गेलेल्या फुग्यानं मीटरवर आकडा दाखवला तर शिवू पास. नाहीतर वर्ष वाया, आणि भावकीच्या तोंडाला पुन्हा धार.

सकाळीच शिवूनं फुगा भरला, कठड्याला आखूड बांधला आणि सरांना आणायला स्कूटीवरून निघाली. जाताना म्हणाली, "अत्ते, फुग्याला हात लावू नका हं."

शपथेवर सांगते, मी हात लावला नाही!

पण मला सांगा, सोलापूरचं एप्रिलातलं भर दुपारचं ऊन. गच्चीवर चप्पल फरशीला चिकटते. तिथं पाव्हण्याला बसवायचं? आमच्या दारातून आजवर कुणी उन्हातून आलं आणि उन्हातच बसलं, असं झालेलं नाही. चौकातल्या मांडववाल्याला बोलावलं.

"बाई, केवढा घालू?"

"केवढा म्हंजी? गच्ची झाकून टाक सगळी!"

त्यानं कोपऱ्यातल्या फुग्याकडं बघितलं. "आन ह्यो?"

"त्यालाबी लागू दे की सावली. उन्हानं फुटला तर?"

हे मी म्हटलं. माझ्या, ह्या, तोंडानं!

शेजारच्या गच्चीवर पद्माक्का टॉवेल वाळत घालत होती. तेलुगू माणसं, घरात टॉवेल विणायचे दोन लूम. कठड्यावरून वाकून म्हणाली, "काय गं म्हादेवी, बारसं हाय का काय?"

"माजी सून फुग्यातनं करंट काडतीया!"

"फुग्यातनं? मग आमचं लूम चालव की त्याच्यावर!"

माझं डोकं फिरलं. "ये की बघायला! येकटी येऊ नगंस, समद्यांना घिऊन ये!"

आली की सगळी गल्ली! खुर्च्या मांडल्या, ताक फिरलं. मी मधोमध उभी.

शिवू सरांना घेऊन जिना चढली आणि वरच्या पायरीवरच थिजली. मांडवाकडं बघते, माझ्याकडं बघते. परक्या माणसासमोर सासूला काय बोलणार बिचारी? गुमान पुढं झाली, फुग्याची दोरी सैल केली. फुगा वर गेला आणि धप्प! कापडाला टेकून बसला.

सर मीटरवर वाकले. "शून्य."

"लोडशेडिंग असंल," पद्माक्का म्हणाली.

झालं! मी तिच्यावर धावलेच. "तुजीच नजर लागली! सकाळपासनं टपून बसलीयास!"

"मी काय केलं गं? टॉवेल वाळत घातलं!"

"अत्ते..." शिवू हळूच म्हणाली.

"थांब तू, हिला आदी बगती!"

"अत्ते, मांडव."

"का? चांगला हाय की मांडव."

"ऊन कुठंय, अत्ते?"

मी वर बघितलं. लाल-पिवळं कापड, खाली कशी गार सावली. सर सावलीत, बायका सावलीत, आणि फुगा तर सगळ्यात निवांत. अख्ख्या सोलापुरात तेव्हा ऊन नसलेली एकच गच्ची होती, आणि ती मी मुद्दाम करून घेतली होती!

मांडववाला कधीच निघून गेलेला. मग मीच विळा घेतला आणि स्टुलावर चढले. एक गाठ कापली, दुसरी कापली, कापड सर्रकन खाली आलं. फुगा सुटला तो थेट दोरीच्या टोकापर्यंत! मीटरवर आकडा चढायला लागला. सर म्हणाले, "अरे वा!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. पद्माक्कानं तर सगळ्यांत जोरात.

आणि मला चढला चेव. समोर अजून एक दोरी ताठ उभी.

"ही येक ऱ्हायली की!" म्हटलं, आणि खच्!

"अत्ते, ती न्हाय!"

गेला. वायरीसकट गेला. बिल्डिंगांवरून, पाण्याच्या टाकीवरून, बघता बघता टिकलीएवढा झाला.

"अकलूजला उजेड पडंल आता," पद्माक्का पुटपुटली.

कुणी हसलं नाही. शिवूचे डोळे भरले. मी स्टुलावरून उतरले ती तिथंच बसले. जिच्या शिक्षणासाठी भावकीशी भांडले, तिचं वर्ष मीच कापून टाकलं होतं. पद्माक्कानं पाण्याचा तांब्या पुढं केला. मघाशी तिला काय काय बोलले होते मी! मी मान खाली घालूनच तो घेतला.

सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "आकडा मी पाहिला. एक तोंडी प्रश्न राहिला. या फुग्याच्या विजेला सगळ्यात मोठा धोका कशाचा? वाऱ्याचा, पावसाचा, की गॅस गळायचा?"

शिवूनं डोळे पुसले. माझ्याकडं बघितलं, विळ्याकडं बघितलं.

"सासूचा, सर."

"बरोबर," सर म्हणाले. "पास."

मग ते माझ्यापाशी आले, वाकून नमस्कार केला, माझ्या हातातला विळा हळूच काढून घेतला, आणि मगच माझ्याकडं पाठ करून जिना उतरले.