चाचांचा मेपल

पनवेलला हिवाळा आणायचा प्रामाणिक प्रयत्न करणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो आमच्या बरोबर डोक्यावर राहायचा. सगळी बिल्डिंग त्यांना चाचा म्हणायची. तीस वर्षं मालवाहू बोटींच्या इंजिनरूममध्ये काढून, साऱ्या जगाची बंदरं बघून हा गृहस्थ शेवटी पनवेलला येऊन टेकला, आणि टेकतो न टेकतो तोच त्याला जपानी मेपल पाळायची अवदसा आठवली. पाळायची म्हणते, कारण झाडं लोक लावतात. चाचांनी ते कुंडीतलं झाड घरी मुक्कामाला आलेल्या जावयासारखं सांभाळलं होतं.

ही दोन हजार अकरा-बाराच्या सुमाराची गोष्ट. थेट कालिंपाँगकडच्या कुठल्याशा नर्सरीतून कुरियरनं एक खोका आला. आम्हाला वाटलं, मिक्सर असेल. आतून निघाली वीतभर काडी आणि तिला पाच बोटांची चार पानं. "हीच ती," असं म्हणून चाचांनी जपानातल्या कोबे बंदराची गोष्ट सुरू केली. बोट दोन दिवस थांबली होती, नोव्हेंबर होता, चाचा एकटेच फिरत फिरत वर गेले आणि समोर अख्खा डोंगर मेपलच्या पानांनी पेटलेला. लाल म्हणजे किती लाल! पुढच्या पाच वर्षांत ही गोष्ट मी किमान चाळीस वेळा ऐकली. दर खेपेला डोंगर थोडा मोठा व्हायचा, आणि दर खेपेला आतून चाचींचा आवाज यायचा, "झाडाचं पान कधी असं लाल असतं काय? काहीतरीच आपलं!"

आता पनवेलच्या गॅलरीत हे जपानी प्रकरण जगायचं कसं? तर चाचांनी बोटीवरची शिस्त लावली. बोटीवर म्हणे चार-चार तासांची पाळी असते, तिला वॉच म्हणतात. तसा झाडाचा वॉच सुरू झाला. सकाळचं कोवळं ऊन एका कोपऱ्यात, अकरानंतर कुंडी सरकवून वाळ्याच्या पडद्यामागे, चारला पुन्हा बाहेर. कुंडी सरकली की माझ्या छतावर घर्रर्र आवाज व्हायचा आणि मी घड्याळ न बघता कुकर लावायची. नळाचं पाणी झाडाला जड पडतं म्हणून त्याला फिल्टरचं पाणी मिळायचं. चाची बिचाऱ्या माठातलं प्यायच्या. न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या कंटेनरच्या ट्रकांची धूळ पानांवर बसायची, तर हे महाशय दर शुक्रवारी नमाजाहून आले की ओल्या कापसानं एकेक पान पुसायचे. "पानाला पण श्वास असतो, बेटी," मला समजावायचे. मी म्हटलं, "चाचा, खाली माझ्या खिडकीच्या जाळीलाही असतो, येता का?"

आणि तो बर्फ! मेपलला थंडी हवी असते. थंडीत तो झोपतो, झोपल्याशिवाय त्याला रंग चढत नाही, हे चाचांनी कुठंतरी वाचलं. मग डिसेंबर उजाडला की चाचा थर्माकोलचा डबा घेऊन मासळी बाजारात. त्यांची ठरलेली कोळीण होती, ती बर्फाचा चुरा द्यायची खरी, पण सुनावल्याशिवाय नाही. मी एकदा बरोबर होते. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "चाचा, तुमचा झाड हाय का पापलेट? आं? उद्या त्याला मीठ लावाल!" अख्खा बाजार हसला. चाचाही हसले आणि बर्फ घेऊन आले. कुंडीभोवती तो पसरला, वरून गोणपाट टाकलं. दोन तासांत सगळ्याचं पाणी होऊन माझ्या वाळत घातलेल्या चादरीवर. पाच हिवाळे हेच.

छाटणीचं तर विचारूच नका. एक फांदी कापायला या माणसाला तीन दिवस लागायचे. पहिला दिवस खुर्ची टाकून नुसतं बघण्यात जायचा. दुसऱ्या दिवशी फांदीला दोरा बांधायचा आणि येईल-जाईल त्याला मत विचारायचं, दूधवाल्यालासुद्धा. तिसऱ्या दिवशी नखं कापायची कात्री डेटॉलनं धुवायची, बिस्मिल्ला म्हणायचं आणि डोळ्याच्या वर, म्हणजे जिथून नवा कोंब फुटतो त्याच्या जरासं वर, कच्चकन कापायचं. लगेच जखमेवर हळद. चाची दारात उभ्या राहून म्हणायच्या, "माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा एवढा चेहरा पडला नव्हता ह्यांचा."

एवढं करून दरवर्षी व्हायचं काय? पानं कडेनं करपायची आणि बटाट्याच्या वेफर्ससारखी तपकिरी होऊन लोंबत राहायची. "झालं का लाल?" चाची विचारायच्या. चाचा ओला कापूस घेऊन तीच पानं पुसायला लागायचे. एकदा मी वैतागून म्हटलं, "सोडा ना चाचा, तुम्ही तर खरा डोंगर पाहिलाय, आता चार पानांसाठी कशाला जीव टाकता?" तेव्हा ते मान खाली घालून म्हणाले, "मी पाहिला, बेटी. तिनं कुठं पाहिला? सारी दुनिया मी एकट्यानंच पाहिली. ही इथं पोरं वाढवत होती. एक चीज तरी तिला दाखवीन की नाही?" मला फार लाजल्यासारखं झालं. त्यानंतर चादरींबद्दल मी अवाक्षर काढलं नाही.

आणि नेमकं त्या झाडाचं वाटोळं मीच केलं. जानेवारी संपत आला होता. चाचा भाचीच्या लग्नाला आठ दिवस रत्नागिरीकडे गेले. चाची गुडघ्यामुळे मागे राहिल्या. जाताना आम्हा दोघींना चार पानी सूचना. तिसऱ्या दिवशी मी वर गेले तर चाची त्या करपलेल्या झाडाकडे बघत बसलेल्या. "किती केविलवाणं दिसतं गं," म्हणाल्या. मी आदल्याच दिवशी माझ्या मोगऱ्याची पानं खुडली होती. खुडली की मोगरा कसा भरभरून फुटतो, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. मी म्हटलं, "चाची, मोगऱ्यासारखं करूया का?" झालं. एकीकडे चहा, एकीकडे गप्पा, अर्ध्या तासात एक पान शिल्लक ठेवलं नाही. वर चाचींनी कोथिंबिरीची कात्री आणून सगळ्या लांब फांद्यांचे शेंडे उडवले. मग दोघींनी त्या उरलेल्या काड्यांकडे पाहिलं. "या अल्ला," चाची म्हणाल्या, "हे तर मेलं वाटतं."

चाचा आले, बॅग हातातच ठेवून गॅलरीत गेले आणि तसेच उभे राहिले. मी पुढे होऊन "माझीच अक्कल" म्हणाले, तर चाची मला मागे सारून म्हणाल्या, "कात्री मी चालवली." ओरडले असते तर बरं झालं असतं. ते बॅग घेऊन तसेच आत गेले. दुसऱ्या दिवसापासून माझ्या छतावर घर्रर्र बंद. अकरा वाजले, चार वाजले, काही नाही. तीन आठवडे मी जिन्यात आवाज न करता चढले-उतरले, आणि कुकर लावायला रोज उशीर.

मग एका सकाळी चाचा लुंगीवरच माझ्या दारात. नुसते हातानं 'वर चल' म्हणत होते. मी धावले. प्रत्येक डोळ्यातून कोंब फुटला होता, आणि प्रत्येक कोंबाला तान्ह्या बाळाच्या मुठीएवढी, नुकती उघडणारी पानं. लाल! डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल! एरवी एखाददुसरं पान फुटायचं, तेही हिरवटच; पण असा खुडून एकदम फुटला की मेपलची पालवी लाल येते, हे त्या चार पानी सूचनांत कुठंही नव्हतं.

"अगो, ये, ये लवकर," चाचांनी हाक मारली. चाची पिठाचे हात तसेच घेऊन आल्या. दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग हळूच विचारलं, "तिथं असंच होतं?"

मला वाटलं, आता डोंगर पेटणार. मी तयारच होते.

"छे," चाचा म्हणाले, "तिथं एवढं लाल नव्हतं."

मी गुपचूप खाली आले. बारा-तेरा दिवसांत ती पानं हिरवी झाली. पण तेवढे दिवस आणि त्यानंतरही कितीतरी दिवस सकाळी गॅलरीत कपबशा वाजायच्या आणि चाचींचा आवाज यायचा, "बरं, मग तिथून पुढे कुठं गेली तुमची बोट?" चाचा सांगायचे, पण इतक्या हळू की खाली मला एक अक्षर ऐकू यायचं नाही. कोबेची गोष्ट चाळीस वेळा ऐकून घेतली ती मी, आणि बाकीच्या गोष्टी निघाल्या तेव्हा मला कुणी वर बोलावलं नाही. खोटं कशाला बोलू, थोडं वाईट वाटलं. पण त्या गोष्टी माझ्यासाठी कधी नव्हत्याच.