चाळीस ससे, सुस्थितीत

प्राण्यांच्या त्या गोदामात सगळे त्याला ‘सुस्थिती साहेब’ म्हणत, आणि हे नाव आपण स्वकष्टाने कमावले आहे याबद्दल त्याला शंका नव्हती. पाळीव प्राण्यांच्या दुकानांकडे निघणाऱ्या प्रत्येक ट्रकबरोबर एक दाखला जाई: इतके ससे, तपासले, सुस्थितीत. खाली तपासनीस म्हणून त्याची सही. अकरा वर्षे तो सही करून त्यावर शिक्का मारत होता. ससे मात्र खालच्या मजल्यावर असत आणि साहेब वरच्या.

कारणही भक्कम होते. नोकरी लागली त्याच आठवड्यात एक ससा त्याच्या बोटाला चावला होता. सशाला घाबरून जिना चढलेला माणूस जगात बहुधा हा एकटाच. शिवाय खोकी उघडली की ससे बिचकतात, असे त्याने कुठेसे वाचले होते. तेव्हा न उघडणे हीच खरी भूतदया, असे तो बायकोला तोंड वर करून सांगे. संध्याकाळी पंख्याखाली पाय पसरून ‘दिवसभर नुसती ससेहोलपट’ म्हणायलाही विसरत नसे. बायको ते खपवून घेई. नोकरी तिच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे त्याच्या साडूने दिलेली; गोदाम साडूचेच. आणि त्याआधी यांनी जे जे आरंभले ते सगळे बुडाले होते.

मग एका सोमवारी एका दुकानाच्या मालकीणबाईंचा फोन आला.

“दाखला मिळाला. चाळीस ससे, सुस्थितीत. पण खोकी रिकामी आहेत.”

“रिकामी म्हणजे?”

“म्हणजे आत नुसतं गवत आहे. गवताची तब्येत चांगली आहे.” बाई पुढे म्हणाल्या, “मागच्या खेपेला ससे होते. त्यातले सहा मेलेले. दाखला हाच होता.”

खोकी भरायच्या आधीच कोणीतरी ट्रकात चढवली होती. फोन ठेवून तो एकटाच हसत सुटला. अकरा वर्षांत हा एकच दाखला असा, की ज्यातल्या एकाही सशाला त्रास झाला नाही. हा विनोद साडूला सांगायला तो उठला, आणि दारापाशी पोचेपर्यंत ते सहा आठवले. मग त्याला लाज वाटली. चांगलीच वाटली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ट्रक भरून उभा होता. शिक्का खिशात घालून तो खाली उतरला आणि खोकी भरणाऱ्या मावशींना एक खोके उघडायला सांगितले. आत ससे दाटीवाटीने बसले होते. तो बघत राहिला. सगळे ससे त्याला सारखेच दिसत होते.

“मावशी,” तो हळूच म्हणाला, “बरा ससा ओळखायचा कसा?”

मावशींनी त्याच्याकडे नीट बघून घेतले. मग लहान मुलाला शिकवावे तसे शिकवले. “नाक हलतंय का बघा. कानाला हात लावा, तापलाय का. आणि हा तोंडाने श्वास घेतोय ना, हा पोचायचा नाही. सहांच्या खोक्यात दहा कोंबायला लावतात, दुसरं काय होणार?”

त्याने भीत भीत हात घातला. कान चटका बसावा इतका तापला होता. दुसऱ्या खोक्यात तेच, तिसऱ्यात तेच. त्याने ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांगितली.

साडू खाली आला. “अकरा वर्षं ससे धडधाकट, आणि आजच बिघडले? आधीचे दाखले काय खोटे होते?”

हो म्हटले तर नोकरी जाणार, आणि घरी तोंड दाखवायला जागा उरणार नाही. नाही म्हटले तर सही करावी लागणार. सहीशिवाय ट्रक हलत नव्हता.

“खोटेच होते, दादा,” तो म्हणाला. “मी कधी बघितलंच नाही.”

साडूने हात पुढे केला. त्याने शिक्का त्या हातावर ठेवला. “उद्यापासून येऊ नकोस. नवा माणूस आणतो,” एवढे बोलून साडू जिना चढून गेला.

ट्रक आता आज निघणार नव्हता. खोकी उतरवायला मावशींना दुसरे कोणी नव्हते, म्हणून तोच लागला. बराच वेळ दोघे सशांना पाणी पाजत होते. स्वतःवरच एखादा विनोद करावा असे त्याच्या मनात आले, पण सुचला नाही.

“आम्ही तुम्हाला रोज शिव्या घालायचो,” मावशी म्हणाल्या. “म्हटलं, एवढा जाणकार माणूस, सगळं कळून सही करतो. विचारलं असतंत, तर कधीच शिकवलं असतं.”