उद्धवरावांचा जादा रिले

आमचे हे म्हणजे मुलखाचे भित्रे. स्टोव्ह विझवला की नाही ते तीनदा बघणार, कुलूप लावून पुन्हा ओढून पाहणार. आणि अशा माणसाला धंदा सुचावा! मी तर कपाळाला हात लावला होता.

सोलापूरला विजेचा डिप्लोमा करून बासष्ट साली हे पिंपरीच्या एका कंपनीत लागले. यंत्रांच्या वायरिंगचे नकाशे काढायचं काम. अकरा वर्षं सुरळीत गेली. मग साहेबांनी पत्रा ठोकायच्या एका प्रेसच्या नकाशातला सुरक्षेचा भाग खर्च वाचवायला खोडायला लावला. ह्यांनी खोडला आणि खाली सही केली. महिन्याभरात त्या प्रेसखाली ज्ञानदेव नावाच्या कामगाराची चार बोटं गेली.

"सही माझी होती गं शालन," एवढंच म्हणायचे. ताटावरून तसेच उठायचे. शेवटी त्र्याहत्तर साली राजीनामा दिला. लोक म्हणाले, उद्धवरावांनी केवढी हिंमत केली! कसली हिंमत न् काय? पुन्हा कुणी खोडायला लावलं तर, या धास्तीनं सोडली नोकरी.

चिंचवडच्या आमच्या दोन खोल्यांत पलंगावर नकाशाची फळी आली आणि आम्ही जमिनीवर. आठ महिने एक गिऱ्हाईक फिरकलं नाही. मग भोसरीचे यशवंतराव आले, पत्र्याच्या शेडमध्ये कारखाना होता त्यांचा. त्यांच्या नव्या प्रेसचं सगळं वायरिंग ह्यांनी आखून दिलं. दोन बटणं, दोन्ही हातांनी दाबायची, म्हणजे हात प्रेसखाली राहायलाच नको. तेवढ्यावर हे थांबतील तर शपथ! एक जादा रिले, म्हणजे विजेवर आपोआप चालणारा खटका, घातला. दोन्ही बटणं अगदी एकदम दाबली तरच प्रेस खाली येणार, जरा मागंपुढं झालं की जागची हलणार नाही.

आठवड्यात यशवंतराव तणतणत घरी. "उद्धवराव, पोरं वैतागलीत. दहादा दाबावं तेव्हा एकदा चालते. तो रिले काढा, नाहीतर दुसरा माणूस बघतो."

मीही यशवंतरावांचीच री ओढली. "काढा की! एक गिऱ्हाईक मिळालंय, तेही घालवा तुमच्या भित्रेपणापायी." दुसऱ्या दिवशी हे भोसरीला जाऊन आले आणि म्हणाले, "काढला." प्रेस झकास चालायला लागली. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

खंडेनवमीला यशवंतरावांनी आम्हाला जोडीनं पूजेला बोलावलं. ह्यांनी मेन स्विच बंद करायला हात घातला, तर यशवंतराव म्हणाले, "छे छे! बंद यंत्राची कसली पूजा? आज ते जिवंत हवं." मोटर घुमतच राहिली. मी हळदकुंकू वाहिलं. यशवंतरावांनी नारळ फोडला तो नेमका बटणांच्या पेटीवर.

"वहिनी, फूल राहिलं. आत ठेवा की," ते म्हणाले. मी वाकून प्रेसखाली हात घातला.

"शालन, हात काढ!"

असं ओरडताना ह्यांना मी कधी ऐकलं नव्हतं. वर पाहिलं तर बटण दाबलं की पेटतो तो पेटीवरचा एक दिवा लागला होता. बटणाजवळ कुणी नव्हतं. नारळाचं पाणी आत झिरपत होतं. माझी तर पाचावर धारण बसली, हात काढायचंच सुचेना. तेवढ्यात दुसराही दिवा लागला. दोन्ही बटणं दाबल्यासारखी, आणि डोक्यावर ते धूड. मी डोळे गच्च मिटले.

प्रेस हलली नाही.

ह्यांनी मला मागं खेचलं, मेन स्विच पाडला. धोतर नेसलेले यशवंतराव पांढरेफटक.

"मी तो रिले काढला नव्हता गं," हे म्हणाले. "दोन बटणांमधली वेळ थोडी सैल केली फक्त. तुझ्याशी खोटं बोललो."

लग्नाला चौदा वर्षं झाली होती. हा माणूस माझ्याशी पहिल्यांदाच खोटं बोलला होता, आणि वर माझीच माफी मागत होता. मी भोकाड पसरलं, सगळ्या कामगारांदेखत.

आज ब्याऐंशी साल. ह्यांच्या हाताखाली सहा माणसं नकाशे काढतात. हे अजून स्टोव्ह तीनदा बघतात. चौथ्यांदा मी बघते.