लाल शाईचं स्थळ

बाबा फौजेतून हवालदार म्हणून रिटायर होऊन पनवेलला आले, ते सद्वर्तनाचं पदक घेऊनच. वर्षानुवर्षं शिस्तीत नोकरी केली की मिळतं ते. तेव्हापासून शिस्त आमच्या बोकांडी बसली. चप्पल वाकडी पडली तरी बाबांचं बोट पदकाकडे. आई म्हणायची, "लढाईचं असतं तर बरं झालं असतं. निदान रोज आमच्याशी लढले नसते."

ताईचा जीव जासईच्या एका मुलावर जडला होता. हे बाबांना सांगायची छाती कुणाची? म्हणून मी आणि मावशीने, हे रीतसर सांगून आलेलं स्थळ आहे, असं नाटक रचलं. मुलाचे वडीलही माजी फौजी, हे ऐकून बाबा भलतेच खूश. बघण्याच्या दिवशी, ऐन मे महिन्यात, कोटावर पदक लावून घाम पुसत बसले. पाहुणे मुलगी बघायला आले होते की बाबांना, कळेना.

"तुमचं पदक नाही लावलंत?" त्यांनी मुलाच्या वडिलांना विचारलं.

"आमाला नाय मिलालं," ते पोहे खात म्हणाले. "लाल शाईची एन्ट्री हाय ना."

फौजेत मोठी शिक्षा झाली की ती लाल शाईने नोंदवतात. मग सद्वर्तनाचं पदक विसरायचं. बाबा ताडकन उठले. "अशा घरात मी मुलगी देणार नाही."

माझं नाटक चांगलंच अंगाशी आलं होतं.

आईने मात्र शांतपणे विचारलं, "शिक्षा कशाबद्दल झाली हो?"

"या पोराच्या जन्माला सुट्टीवर आलेलो. बायकोची तब्येत लय बिघडली. तिला तशी टाकून जायला मन होईना. सुट्टी संपली, तरी आमी घरीच."

"मी एक दिवससुद्धा उशिरा हजर झालो नाही," बाबा म्हणाले.

"माहीत आहे. ताई झाली तेव्हा मी तापाने फणफणले होते आणि तुम्ही ट्रंक भरत होतात."

आयुष्यात पहिल्यांदाच मला बाबांची कीव आली. ते हळूच खाली बसले. "तेव्हा काही बोलली नाहीस."

"कशी बोलणार? मीही शिस्तीतच होते ना."

बाबांनी पोह्यांची बशी पाहुण्यांपुढे सरकवली आणि खालच्या आवाजात विचारलं, "मुहूर्त कधीचा धरायचा?"